सोमारीचा पाहुणचार

मु. हळदटोला, वडसाहून तीन कोस, जिल्हा चांदा
भाद्रपद शुद्ध सप्तमी, सन १९५७

वरोऱ्याच्या दिशेला तोंड करून हळदटोल्याच्या मुखरूने जमिनीला डोकं टेकलं आहे, ते थोरल्या बाईच्या पायांपर्यंत पोचलं असं समजावं. तुझी कंबर, भाऊजींचा दमा आणि तुमच्या म्हशीचा स्वभाव या तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघं धडधाकट आहोत. (सुरुवातीच्या दोन ओळी तुला 'आपण' घालून लिहून पाहिल्या, पण हात अवघडला. जिने मला कानाला धरून शाळेत नेलं, तिला 'तू' म्हणण्यातच खरा आदर आहे, असं मी ठरवलं आहे. पटलं नाही तर कळव, पुढच्या वेळी 'आपण' लिहीन आणि पत्र निम्म्यात संपवीन.)

तुझं कार्ड मिळालं. तू विचारतेस की पोर रुळली का, आणि रुळली नसेल तर ताबडतोब वरोऱ्याला आणून सोड, इथे मुलींची शाळा आहे, मी तिला वळण लावीन. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण एका ओळीवर तू विश्वास ठेवत नाहीस, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. शिवाय पावसाची झड लागली आहे, धानाच्या बांधीत काम नाही, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या नकला लिहून लिहून माझा हात असा सुटला आहे की कागद दिसला की थांबवत नाही. तेव्हा भाऊजींना लोड देऊन बसव आणि मोठ्याने वाच. भाऊजी मधेच विसरतात म्हणून तुला माहीत असलेलंही पुन्हा लिहितो, रागावू नकोस.

सोमारी ही तुझ्या भावजयीच्या, म्हणजे कलाच्या, धाकट्या मावसबहिणीची मुलगी. वय अकरा सरून बारावं. बाप एटापल्लीकडे जंगल खात्यात नाकेदार होता, आणि पोर त्या नाक्यावरच वाढली. दोन वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात हिवतापाने आई गेली, मागोमाग बाप गेला. मग दोन वर्षं ती काकाकडे होती. काका इसरू भला माणूस, पण त्याची स्वतःची पाच. आम्हा दोघांना देवाने काही दिलं नाही हे तुला सांगायला नको, तू त्यासाठी जेवढे उपास केलेस तेवढे आम्हीही केले नाहीत. तर चैत्र लागताच पाच पंचांसमोर सोमारीला आमच्या मांडीवर बसवली, नारळ फुटला, पेढ्याऐवजी गूळ वाटला आणि पोर आमची झाली. फक्त जाता जाता इसरू पंचांना म्हणाला की पोर काही अंगावरची नाही, समजती आहे, तेव्हा मी पोळ्याला येईन आणि तिला सर्वांसमक्ष विचारीन. तिचं मन नसेल तर परत नेईन, कोणी वाईट वाटून घेऊ नये. त्यावर मी मान हलवली, कलाने मान हलवली, आणि त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत कलाची झोप उडाली. माझीही उडाली असती, पण दोघांनी जागून काय करायचं.

त्याच आठवड्यात तुझं पहिलं कार्ड आलं. त्यात तू लिहिलं होतंस की पोर आईबापाविना आहे, तिला तळहातावर ठेवा, काडी उचलू देऊ नका, नाहीतर लोक म्हणतील की कामाला पोर आणली. तिला सगळ्यांच्या आधी वाढा. तिच्यादेखत दोघं भांडू नका. कार्डावरची जागा संपली म्हणून तू थांबलीस. आम्ही ते कार्ड देवाजवळच्या कोनाड्यात ठेवलं आणि अक्षर न् अक्षर पाळलं. पुढे जो घोळ झाला त्यात तुझा काही दोष नाही. (सगळा दोष तुझाच आहे, पण मोठ्या बहिणीला पत्र लिहिताना असं लिहितात.)

तर आमच्या घरात काय सुरू झालं ते ऐक. जो शिसवी पाट फक्त जावई आणि तहसीलदार यांच्यासाठी माळ्यावरून उतरतो, तो सोमारीसाठी रोज मांडला जाऊ लागला. तिला पाय धुवायला पाणी, चकचकीत घासलेला लोटा, आधी तिचं ताट, मग माझं. जेवून झालं की कला तिच्या हातून ताट ओढून घ्यायची. ती झाडू शोधायला गेली की झाडू लपवायचा, विहिरीवर निघाली की दोर लपवायचा. एकदा मी घाईत दोर धान्याच्या कणगीत लपवला आणि मग आम्हालाच दोन दिवस सापडला नाही, शेजाऱ्याचा आणावा लागला. आणि भांडण बंद. बाई, लग्न झाल्यापासून आमचं सकाळी एक आणि दिवेलागणीला एक असं बिनचूक भांडण होत आलं आहे, गावातल्या बाया त्यावर चुलीला विस्तव घालतात. ते बंद पडल्यावर शेजारचा झाडू (हे त्याचं नाव, मघाचा झाडू वेगळा) तिसऱ्या दिवशी काळजीने विचारायला आला की घरात कोणी आजारी आहे का.

आणि या सगळ्याला पोर कशी वागली म्हणशील, तर इतकी सुरेख की मी थक्क झालो. मी आयुष्यात पुष्कळ पाहुणे पाहिले, स्वतः पुष्कळांकडे पाहुणा गेलो, पण असा पाहुणचार घेणारं माणूस पाहिलं नाही. नेमका दुसऱ्यांदा वाढायच्या आत हात आडवा करायची. खिरीत मीठ पडलं (कला घाबरली की हाताला लागेल ते घालते), तरी 'लय गोड झाली जी' म्हणून वाटी पुसून खाल्ली. सकाळी आपली वाकळ अशी घडी घालून ठेवायची की घडीच्या चारी कडा जुळलेल्या. संध्याकाळी ओसरीवर माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि मोठ्या माणसासारखी विचारायची, यंदा पाण्याचं कसं काय, बैलजोडी कितव्या वर्षाची, मागच्या साली धान किती झालं. अकरा वर्षांची पोर. मीही मग मिशीवर हात फिरवून उत्तरं द्यायचो. तिला जंगलातलं सगळं कळतं, कुठल्या झाडाला कधी फळ, कुठल्या नाल्याला कधी पाणी. आमच्या पांढऱ्या बैलाने वैरण टाकली तेव्हा गावातले तिघे जाणते तीन औषधं सांगत होते, हिने लांबूनच त्याच्या जबड्याकडे पाहिलं आणि सांगितलं की दाढेत काडी अडकली आहे. अडकली होतीच. मी तिला म्हटलं, तू तर डॉक्टर निघालीस. ती म्हणाली, "तुमाकडं लय चांगलं चाललं माह्यं, मोठे बाबा. आता लय दिवस झाले."

ते 'लय दिवस झाले' मी तसंच जाऊन कलाला सांगितलं. आणि मग दर आठवड्याला त्याचा पुरावा मिळू लागला. कारण वडसाच्या बाजाराच्या दिवशी झाडूची बैलबंडी सकाळी गावातून निघते, आणि त्या दिवशी सोमारी पहाटे उठून आंघोळ करायची, केस विंचरायची, आपले दोन परकर आणि बापाची जंगल खात्याची टोपी गाठोड्यात बांधायची आणि गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीवर बसायची. रडणं नाही, रुसणं नाही. बंडी गेली की गाठोडं आत नेऊन ठेवायची. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं हौस असेल. दुसऱ्या वेळी कला माजघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. तिसऱ्या वेळी आमची खात्री झाली की पोरीला इथे करमत नाही, आम्ही कुठेतरी कमी पडतो, आणि पोळ्याला इसरूने विचारलं की ती उठून चालू लागणार. मग आम्ही जास्तच झटू लागलो. पाटाभोवती रांगोळी आली. आमरस आला. मी रोज तीन वेळा तिला सांगायचो की बाळ, हे घर तुझंच समज. कला सांगायची, लाजू नकोस, हे घर तुझंच समज. शेजारच्या नीलाबाईलाही आम्ही सांगून ठेवलं की येता जाता तूही म्हण, आणि ती बिचारी कुंपणावरून रोज म्हणायची. जितकं आम्ही म्हणू तितकं गाठोडं घट्ट बांधलं जायचं.

ज्येष्ठात कलाने शेवटचा उपाय काढला. पेटीतलं लग्नातलं हिरवं लुगडं काढून सोमारीला परकर-पोलकं शिवून घेतलं, बाजाराच्या दिवशीच तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि खणासकट नारळ तिच्या ओटीत घातला. आता तुला मी काय सांगू, ज्या बाईला माहेराहून निघताना पंचवीस वेळा ओटी भरून मिळाली आहे. आपल्यात ओटी भरून, नवं नेसवून कोणाला काय करतात? निरोप देतात. पण हे त्या वेळी आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पोरीच्या मात्र लगेच आलं. ती उठली, आधी कलाच्या, मग माझ्या पाया पडली, म्हणाली, "लय केलं तुमी माह्यासाठी," आणि गाठोडं उचलून निघाली. आम्हाला वाटलं, नवं पोलकं दाखवायला नीलाबाईकडे चालली. अर्ध्या घटकेने नीलाबाईच सांगत आली की तुमची पोर झाडूच्या बंडीत बसून गेली.

बाई, मी धावलो. या वयात, ज्येष्ठाच्या उन्हात, एका पायात वहाण घालून. नाल्याच्या उतारावर बंडी गाठली. बंडीत झाडू शांतपणे पान खात होता आणि सोमारी त्याला विचारत होती की यंदा तुमच्याकडे पाण्याचं कसं काय. 'जाऊ नको' म्हणावं तर इसरूला शब्द दिला होता की पोरीवर जोर करणार नाही. म्हणून तोंडाला आलं ते बोललो, की बाळ, आज जाता येणार नाही, पुढे कठाणी नदीला पूर आला आहे. त्या वेळी आभाळात चिमणीएवढाही ढग नव्हता. कठाणीत त्या आठवड्यात पोरं वाळूत विटीदांडू खेळत होती. झाडूने पान थुंकून माझ्याकडे पाहिलं. सोमारीने आभाळाकडे पाहिलं, माझ्या एका वहाणेकडे पाहिलं, आणि खाली उतरून म्हणाली, "तुमी म्हनता तं आला असंल जी." यजमानाला खोटं पाडायचं नसतं हे तिला कोणी शिकवलं असेल, पण मी तिच्या जागी असतो तर मला ते जमलं नसतं. वाटेत तिने स्वतःच माझं उपरणं ओलं करून माझ्या डोक्यावर ठेवलं. पुढचे सगळे बाजार आम्ही त्या पुरावर काढले. पावसाचा टिपूस नव्हता आणि आमची कठाणी रोज चढत होती.

आता खरा पाऊस आला आणि आषाढात धानाची रोवणी निघाली. यंदा रोवणीला बाया मिळेनात. पऱ्ह्याची रोपं उपटून पडलेली, उरलेल्या सहा बाया आणि आम्ही दोघं. सोमारीला घरी एकटं ठेवायचं कसं, म्हणून कला तिला शेतावर घेऊन आली. पण पाहुणी चिखलात उतरता कामा नये (तुझं कार्ड), भिजता कामा नये (हे कलाचं स्वतःचं), म्हणून तिला बांधीच्या कडेच्या मातीच्या धुऱ्यावर पाटावर बसवून घरातली एकुलती एक छत्री तिच्या हातात दिली. ती तिथे दौऱ्यावर आलेल्या रेंजरसारखी ताठ बसली होती. तेवढ्यात वरच्या बांधीचं पाणी लोटलं आणि तिच्यापासून दहा हातांवर धुरा फुटला. सकाळपासून रोवलेली रोपं उपटून पाण्याबरोबर नाल्याकडे चालली. मी गुडघाभर चिखलात रुतलेलो, पाय निघेना. आणि त्या वेळी मी एक युक्ती केली. मी मनाशी म्हटलं, मुखरू, चार महिने गोड बोलून पाहिलं, आता हिला घरच्यासारखं बोलून पाहा. असा पूर्ण विचार करून मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं लिहीत नाही, भाऊजी ऐकत असतील. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच की छत्री फेक, बसून काय पाहतेस, डोळे फुटले का, माती टाक.

पोरीने छत्री फेकली. माती टाकायला वेळ नव्हता, म्हणून ती सरळ त्या भगदाडात जाऊन बसली. नव्या हिरव्या परकरासकट. पाठ पाण्याला लावून, दोन्ही हात दोन बाजूंना रोवून, आणि पाणी थांबलं. कला तिकडून धावत आली, तिने पाहुणी चिखलात बसलेली पाहिली, आणि चार महिन्यांचं साठलेलं सगळं माझ्यावर निघालं. मीही गप्प बसलो नाही. खिरीतलं मीठ निघालं, कणगीतला दोर निघाला, तिच्या भावाने लग्नात दिलेला आखूड पंचा निघाला. सहा बाया कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या, त्यांचंही चार महिने नुकसान झालं होतं. तेव्हा भगदाडातून आवाज आला:

"मोठे बाबा, भांडन मंग करा. पयले माती टाका. माह्या पाठीले पानी लय थंड लागून राह्यलं."

आम्ही माती टाकली. मग ती उठली, चेहऱ्यावरचा चिखल पुसला आणि कोणाला न विचारता रोवणाऱ्या बायांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत रोवलं. दोन वेळा रोपं वाकडी लावली म्हणून कलाने तिला झापलं आणि दोन्ही वेळा पोर हसली. त्या रात्री ती पाटावर बसली नाही. आपलं ताट आपण घेतलं, चुलीजवळ बसून दोनदा मागून भात खाल्ला, आणि ताट घासून ठेवलं. मग गाठोडं सोडलं. एक परकर वलणीच्या दोरीवर टाकला, आणि बापाची टोपी माझ्या टोपीशेजारी खुंटीला अडकवली.

मग तांदूळ निवडता निवडता सहज बोलावं तसं ती कलाला सांगू लागली, आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. तिच्या बापाच्या नाक्यावर रोज कोणी ना कोणी यायचं. रेंजर साहेब, तेंदूपत्त्याचा ठेकेदार, वाट चुकलेला एखादा. आईबाप त्यांच्यासाठी पाट मांडायचे, त्यांना काडी उचलू द्यायचे नाहीत, त्यांच्यासमोर भांडायचे नाहीत. बाप प्रत्येकाला हात जोडून म्हणायचा, साहेब, हे घर आपलंच समजा. आणि असं ज्याला ज्याला म्हटलं तो दोन दिवसांत निघून गेला. जायच्या दिवशी कोणी 'जा' म्हणत नसतं, ते आपणच ओळखायचं असतं. म्हणून ती दर बाजाराला तयार होऊन बसायची, यजमानांना संकोच नको. इथून जायचं तिच्या मनात एक दिवसही नव्हतं. आम्ही कधी पाठवतो याची ती वाट पाहत होती, आणि ती कधी जाते या भीतीने आम्ही तिला पक्वान्नं करून घालत होतो. बाई, मी मंडईत वर्षानुवर्षं नाटकाला प्रॉम्प्टर बसतो, लोकांची विसरलेली वाक्यं त्यांना पुरवतो. आणि माझ्याच घरात चार महिने मी चुकीचं वाक्य पुरवत होतो. मला फार लाज वाटली, आणि त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की ते इथे लिहून उतरत नाही. चार महिने मनात जायची धास्ती बाळगून ती आमच्या खारट खिरीला गोड म्हणत होती.

एवढं झालं तरी पोळा होताच. इसरूचा शब्द होता. आणि पोर कामाला लागली म्हणजे मनही लागलं असं थोडंच असतं, काका म्हणजे तिच्या बापाचा चेहरा. पोळ्याच्या सकाळी इसरू आला, बंडी रिकामी घेऊन. मी त्या वेळी गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होतो आणि अत्यंत शांत होतो. बाहेर येऊन पाहतो तर पंच आधीच ओसरीवर जमलेले. इसरू बंडीतून उतरला आणि बैल सोडायला वाकला, तोच सोमारी धावत गेली आणि त्याच्या हातातलं दावं काढून घेतलं. म्हणाली, तुमी हात नका लावू. बैल तिने स्वतः गोठ्यात बांधले. मग माळ्यावर चढून पाट काढला, पुसला, मांडला. पाय धुवायला पाणी दिलं, चकचकीत लोटा दिला, गूळपाणी दिलं. मग ती त्याच्यासमोर उभी राहिली, पदर नसलेल्या परकराचा पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली:

"काकाजी, हे घर तुमचंच समजा जी. कायी लाजू नका."

इसरूने तोंडाशी नेलेला लोटा खाली ठेवला. तोही भावाच्या त्या नाक्यावर पुष्कळ राहिलेला माणूस. मग तो मला म्हणाला, "मुखरूभाऊ, मी इचाराले आलो होतो. आता काय इचारू? पोरीनं मले पाहुना करून टाकलं." आणि ढसाढसा रडला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, गूळ खाल्ला आणि उठले. दोन दिवस सोमारीने काकाला काडी उचलू दिली नाही. तिसऱ्या दिवशी शिदोरी बांधली, मला डोळ्याने खूण करून त्याला नवा रुमाल द्यायला लावला, आणि वेशीपर्यंत पोचवून आली. परत आली ती तडक विहिरीवर गेली, कारण दोन दिवसांत पाणी कोणी भरलं नाही म्हणून माझ्यावर चिडलेली होती.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पोर रुळली. वरोऱ्याच्या मुलींच्या शाळेचं तू मनात आणलंस हे तुझं मोठेपण, पण सध्या वळण लावायचं काम ती आमच्यावर करते आहे, ते मधेच सोडून ती येणार नाही. भाऊजींना साष्टांग, म्हशीला लांबून नमस्कार. कला म्हणाली, मी पाया पडते असं लिही, म्हणून लिहितो.

तुझा
मुखरू

ता.क. खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते पुढच्या दोन ओळींसाठी. तू मंडईला येणार आहेस आणि येताना सोमारीसाठी जरीकाठाचं परकर-पोलकं आणि चांदीची पैंजणं आणणार आहेस, असं भाऊजींनी मला गुपचूप कळवलं आहे. बाई, पाया पडतो, आणू नकोस. आणलीसच तर कपाटात ठेव आणि आपोआप सापडली असं दाखव. तिची ओटी भरू नकोस, तिला जवळ घेऊन 'गुणाची माझी' म्हणू नकोस. दारात पाऊल टाकलंस की तिच्या हातून काहीतरी चुकलेलं शोध आणि खरपूस बोल. तुला यात काही कठीण जाणार नाही असं वाटतं.

दुसरं ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी सोमारीने मागून वाचलं. तिला बापाने नाक्याच्या वहीवर लिहायला शिकवलं आहे, त्यामुळे अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. खाली जागा उरली आहे, तिथे मी लिहिते म्हणाली. काय लिहिलं ते मला वाचू देत नाही.

आत्याबाईले सोमारीचा नमस्कार. मोठ्या बाबानं शिव्या देनं ही युक्ती होती असं लिवलं. युक्ती नोहती. धुरा फुटला म्हून घाबरले होते. पोळ्याच्या दिसी शांत होते असं लिवलं, थेही खरं नाई. इसरूकाका याच्या आंधी गोठ्यात बसून रडून राह्यले होते, शिंगाचा लाल रंग समदा तोंडाले लागला होता. पंचायनं पाह्यलं, पन कोनी बोललं नाई. मीही बोलली नाई. तुमी मंडईले नक्की या. तवा आमचं धान कापाले आलं राहीन आन बाया मिळून नाई राह्यल्या. मोठी माय म्हनते विळ्यावर तुमचा हात लय चालते, म्हून नाल्याकाठची बांधी मी तुमच्यासाठी ठेवली हाय. कंबर दुखली तं दुपारी घडीभर बसा, मी कायी म्हननार नाई. विळा मातर तुमचा तुमी घेऊन या. आमच्या घरी तीनच हायेत. एक मोठ्या मायचा, एक मोठ्या बाबाचा, आन एक माह्या.